सांगून मिळणारी भाकरी

जव्हार-मोखाड्यात घराबाहेरचे जेवण मिळते ते मुख्यतः खानावळीत. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या दोन डोंगराळ तालुक्यांत खानावळी बहुधा एसटी स्थानक, बाजारपेठ, तहसील कचेरी आणि रुग्णालय यांच्या आसपास असतात. पुढे पाच-सहा टेबले, दर्शनी भागात भजी-वड्यांची कढई आणि चहाची शेगडी, एका कडेला गल्ला, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे भांडी घासायची मोरी, अशी साधारण मांडणी. बहुतेक ठिकाणी घरातलीच माणसे राबतात. नवरा गल्ल्यावर, बायको चुलीशी, सुट्टीच्या दिवशी मुले वाढायला. जवळच्या पाड्यावरून एखाद-दुसरी बाई भाजी निवडायला आणि भांड्यांना येते. हा सगळा व्यवहार थोड्या भांडवलावर, भरपूर अंगमेहनतीवर आणि त्याहून जास्त ओळखीवर चालतो.

खानावळीची गिऱ्हाइके दोन तऱ्हेची असतात आणि त्यांच्या मागण्या एकमेकींपासून फार दूरच्या असतात. पहिले गिऱ्हाईक नेहमीचे. यात बाहेरगावाहून बदली होऊन आलेले शिक्षक, ग्रामसेवक, पतंगशहा रुग्णालयातले कर्मचारी, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीतले लोक, खोली घेऊन राहणारे कॉलेजचे विद्यार्थी येतात. कुटुंब नाशिकला, कल्याणला किंवा गावी ठेवून ते येथे नोकरी करतात आणि महिन्याच्या हिशेबाने जेवतात. बाजाराच्या दिवशी त्यांत पाड्यांवरून आलेल्या लोकांची भर पडते. कुणी दाखल्यासाठी कचेरीत आलेले असते, कुणी दवाखान्यात, कुणी मीठ-मिरची आणि सुके बोंबील घ्यायला. दुसरे गिऱ्हाईक पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाडीने येते. दाभोसा, काळमांडवीचे धबधबे, जव्हारचा जयविलास राजवाडा, मोखाड्याकडचे सूर्यमाळ आणि खोडाळा पाहायला मुंबई, ठाणे, नाशिकहून लोक येतात आणि दुपारी भुकेने कासावीस होऊन ‘इथलं काहीतरी’ मागतात.

खानावळीच्या फळ्यावर मात्र इथले म्हणावे असे फार थोडे लिहिलेले असते. मिसळ, वडापाव, भजी, उसळ-पाव, राइसप्लेट, अंडाकरी, चिकन थाळी. आणि हल्ली जवळपास सगळीकडे फ्राइड राइस व मंचुरियन. राइसप्लेटमध्ये गव्हाच्या चपात्या असतात. हा गहू या डोंगरउतारावर पिकत नाही. उलट ज्या धान्यांवर हे दोन तालुके पिढ्यान्‌पिढ्या जगले, ती नागली (नाचणी) आणि वरई, तो उडीद, ती खुरासणी (कारळे) या फळ्यावर दिसत नाहीत. बाहेरून आलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटते. खानावळ चालवणाऱ्याला मुळीच वाटत नाही. पाड्यावरून दहा-पंधरा किलोमीटर चालत किंवा जीपमध्ये दाटीवाटीने येणारा माणूस पैसे मोजून जे खातो, ते घरी मिळत नाही असेच असावे लागते. नागलीची भाकरी त्याच्या घरी रोज असते, आणि ती नसते तेव्हा घरात दुसरेही काही नसते. वड्यातले बटाटे, पावाची मऊ लादी, साखरेचा कडक चहा ही त्याच्या लेखी बाहेर जेवण्याची चैन. ज्यांनी या भागात वर्षानुवर्षे गल्ला सांभाळला आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. स्थानिक अन्न न ठेवण्यात स्थानिक अन्नाचा अनादर नाही. ते रोजच्या गिऱ्हाइकाचे नीट ओळखलेले मन आहे.

दुसरे कारण भाकरीतच आहे, आणि ते चुलीशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. नागलीच्या पिठात ग्लुटेन नसते, त्यामुळे ते गव्हाच्या कणकेसारखे ताणत नाही. उकळत्या पाण्यात पीठ सोडून उकड काढायची, हाताला चटके बसत असतानाच ती मळायची, गोळा थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. बऱ्याच घरांत नागलीत थोडे तांदळाचे पीठ घालतात, म्हणजे कड फाटत नाही. उकड थंड झाली की भाकरी चिरते. भाकरी थंड झाली की कडक होते. गव्हाच्या चपात्या सकाळी शंभर लाटून कापडात गुंडाळून डब्यात ठेवता येतात आणि दुपारी तीनपर्यंत मऊ राहतात. नागलीच्या भाकरीला ही सोय नाही. गिऱ्हाईक बसल्यावर ती करावी लागते, आणि एका हाताला एका वेळी एकच भाकरी येते. दुपारी एकच्या गर्दीत वीस माणसे जेवायला बसली असताना एक बाई भाकरीला बांधली गेली तर बाकीचे सगळे खोळंबते. शिवाय व्यवसायाचा १९ किलोचा गॅस सिलिंडर महाग. भाकरी चांगली होते ती लाकडाच्या निखाऱ्यावर, म्हणून परसात वेगळी चूल मांडावी लागते आणि पावसाळ्यात तिच्यासाठी कोरडी लाकडे राखून ठेवावी लागतात.

म्हणून जव्हार-मोखाड्यात नागलीची भाकरी ‘सांगून’ मिळते. आदल्या रात्री किंवा सकाळी निघण्यापूर्वी फोन करायचा, किती माणसे ते सांगायचे, गावठी कोंबडी हवी की भाजी ते ठरवायचे. न सांगता आलेल्याला एवढेच उत्तर मिळते: “आता चपाती-भाजी घ्या. भाकरी पाहिजे तर उद्या सांगून या.” शहरातल्या माणसाला हा नकार वाटतो. प्रत्यक्षात त्या उत्तरात कोंबडी पाड्यावरून आणायला लागणारा वेळ, पीठ दळून आणण्याचा वेळ, भाकरी थापणाऱ्या बाईला बोलावण्याचा वेळ असा सगळा हिशेब असतो. पावसाळ्यात फोन लागतोच असे नाही. वीज गेली की मोबाइलची रेंज जाते, गिरणी बंद पडते आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोडही निरुपयोगी होतो. पर्यटकाजवळ रोख नसते आणि खानावळवाल्याजवळ सुट्टे नसतात. अशा वेळी दोघांनाही एकमेकांच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि अनुभव असा की फसवणूक क्वचित होते.

सांगून केलेल्या जेवणात जे येते ते खरोखर या मातीचे असते. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, भाजलेल्या उडदाचे कालवण, खुरासणीची चटणी, गावठी कोंबडीचा रस्सा, वरईचा भात, आणि पावसाळ्यात रानभाज्या. रानभाज्यांचा क्रम पावसाच्या क्रमाबरोबर चालतो. पहिल्या सरींनंतर शेवळे आणि कोळी, मग टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, भारंगी, श्रावणाकडे कंटोळी. यातली प्रत्येक भाजी करायची रीत वेगळी आहे आणि ती चुकली तर जेवणारा ती जन्मभर विसरत नाही. शेवळे नीट साफ केले नाही आणि काकडाची फळे किंवा चिंच घातली नाही तर घशाला खाज सुटते. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवावे, उकडावे आणि ते पाणी टाकून द्यावे लागते, नाहीतर कडवटपणा राहतो आणि ते अपायकारकही ठरते. कोवळा टाकळा कोणता आणि जून कोणता, हे पान हातात घेतल्यावरच कळते. ही जाण कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात पूर्ण उतरत नाही. ती भाजी खुडणाऱ्या बाईकडे असते, आणि सहसा तीच बाई बाजारात वाटे लावून बसलेली असते. खानावळीची मालकीण तिच्याकडून भाजी घेताना करायची कशी हेही विचारून घेते. वारली घरांत कोळीची भाजी हंगामात पहिल्यांदा खाण्याआधी देवाला दाखवण्याची रीत आहे. भाजी कोवळी असताना ओरबाडली जाऊ नये, हा त्या रीतीचा एक उपयोग असावा.

गरिबाचे रोजचे अन्न बाहेरच्यांनी मागून खावे, हे काही एकट्या जव्हारचे नाही. मुंबई-पुण्यात आज मेडिटेरेनियन रेस्टॉरंटे आहेत. पांढऱ्या भिंती, निळी चौकट, मातीची भांडी, आणि ताटात हमस, पिटा, ऑलिव्ह, फेटा, ऑलिव्ह तेलात न्हालेली वांगी. मुळात हे भूमध्य समुद्राच्या काठावरच्या शेतकऱ्यांचे आणि मेंढपाळांचे जेवण आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने ग्रीसच्या क्रीट बेटावर लोकजीवनाची पाहणी केली. लेलँड ऑलबॉ यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटावरचे लोक पाव, डाळी-कडधान्ये, रानातल्या पालेभाज्या, फळे आणि ऑलिव्ह तेल यांवर जगत होते. मांस त्यांच्या वाट्याला क्वचित येई, आणि आपले जेवण सुधारायचे तर काय हवे असे विचारल्यावर बहुतेकांनी मांसाचेच नाव घेतले. पुढे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत हृदयविकाराचा अभ्यास चालवला आणि क्रीटमधल्या पुरुषांत हा विकार फार कमी असल्याचे दाखवले. त्या निष्कर्षांवर आणि अभ्यासाच्या पद्धतीवर नंतर वाद झाले, तरी त्या जेवणाला प्रतिष्ठा मिळाली ती मिळालीच. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहारपद्धतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

जव्हार-मोखाड्याचे ताट त्याच्या शेजारी ठेवले तर साम्य लपत नाही. पावाच्या जागी नागलीची भाकरी, ऑलिव्ह तेलाच्या जागी खुरासणीचे तेल, चण्याच्या जागी उडीद, रानातल्या पालेभाज्या दोन्हीकडे, मांस दोन्हीकडे सणावारी. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आणि नागलीचे डोसे, बिस्किटे, लाडू शहरांच्या दुकानांत मानाने मांडले गेले. वरई तर शहरात एकादशीला आधीपासूनच खाल्ली जाते. भगर म्हणून ती शहरी घरात उपासाच्या दिवशी शिजते, मोखाड्याच्या पाड्यावर ती साधा भात म्हणून शिजते.

पण साम्य इथवरच धरावे. क्रीटच्या शेतकऱ्याला मांस हवे होते, तसा मोखाड्याच्या शेतकऱ्याला पाव-वडा हवा असतो, आणि दोघांचीही ती इच्छा रास्त आहे. धान्य पौष्टिक असणे वेगळे आणि ते वर्षभर पुरेसे असणे वेगळे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि या तालुक्यांचे नाव देशभर गेले. त्या मुलांच्या घरी नागलीच पिकत होती. उतारावरचे वरकस तुकडे, एकाच पावसावरचे पीक, दिवाळीनंतर रिकामी होणारी कणगी आणि कामासाठी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा नाशिककडच्या द्राक्षबागांवर जाणारी कुटुंबे, हे सगळे नागलीच्या पौष्टिकतेच्या कोष्टकात दिसत नाही. शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण दिले जाते. या तालुक्यांत सर्वाधिक मोलाचे ‘घराबाहेरचे जेवण’ कोणते असे विचारले, तर उत्तर खानावळीतले नसून अंगणवाडीतले आहे. ते शिजवणाऱ्या बायांचे कष्टही खानावळीतल्या बायांसारखेच आहेत. पाणी भरणे, लाकूड किंवा गॅस जमवणे, किराणा वेळेवर न आल्यास पदरचे घालणे.

स्वस्त जेवण म्हणजे काय, हेही येथे नीट पाहावे लागते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात असे ताट दहा रुपयांत ठरले. ग्रामीण भागात त्या ताटाची किंमत ३५ रुपये धरून उरलेले २५ रुपये केंद्रचालकाला शासनाकडून मिळायचे होते. खासगी खानावळीला असा आधार नसतो. तिची राइसप्लेट पाड्यावरच्या मजुराला महाग आणि मुंबईच्या पर्यटकाला फार स्वस्त वाटते. भाव मात्र एकच ठेवावा लागतो, कारण लहान गावात दोन भाव लपत नाहीत. मग खानावळवाले वेगळी वाट काढतात. मजुराला अर्धी प्लेट, भात जास्त, वरण पुन्हा मागेल तितके. पर्यटकाला सांगून केलेले जेवण, त्याचा दर वेगळा. नागलीच्या भाकरीवर मिळणाऱ्या चार पैशांतून भात-वरण परवडते. चांगल्या खानावळीचा हिशेब असा आतल्या आत जुळवलेला असतो, आणि तो जुळवणाऱ्यांबद्दल आदरच वाटायला हवा.

उधारी हा धंद्याचा दुसरा खांब. महिन्याचे गिऱ्हाईक पगार झाल्यावर पैसे देते. कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन दोन-तीन महिने रखडले की वहीतले आकडे वाढत जातात. वाण्याकडचे सामान मात्र फार दिवस उधार मिळत नाही. वर्षाचेही चढउतार ठरलेले आहेत. पावसाळ्याचे चार महिने शनिवार-रविवार तोबा गर्दी. दसऱ्याला जव्हारमध्ये संस्थानकाळापासूनचा उत्सव आणि कुस्त्या, तेव्हा बाजार फुलतो. दिवाळीनंतर माणसे स्थलांतरित झाली की पाड्यांबरोबर खानावळीही ओस पडतात. होळीला सगळे परततात. त्याच्या पुढेमागे मोखाड्यात मुखवटे घालून नाचण्याचा बोहाडा हा उत्सव होतो आणि रात्रभर चहा-भजी खपतात. लग्नसराईत आचारी मिळत नाही, कारण तो मांडवात गेलेला असतो.

उन्हाळ्याची अडचण पाण्याची आहे आणि ती सांगितल्याशिवाय इथल्या स्वयंपाकाचे वर्णन पुरे होत नाही. मुसळधार पावसाचा हा प्रदेश. पण उतार तीव्र, कातळ उथळ, पाणी थांबत नाही. मोखाड्यात मार्च-एप्रिलपासून टँकर फिरू लागतात. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईत मेडिटेरेनियन रेस्टॉरंटच्या टेबलावर सर्वांत आधी ठेवल्या जाणाऱ्या ग्लासात या नदीचेही पाणी असते. मोखाड्याच्या खानावळीत उन्हाळ्यात त्याच ग्लासाला टंचाई असते. ताटे राखेने घासून कमी पाण्यात विसळणे, पत्रावळी वापरणे, भाताचे पाणी वाया न घालवणे या सवयी तेथे हौसेने आलेल्या नाहीत.

रूपाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बदल दिसतो. पर्यटकांसाठी निघालेल्या निवासांत आणि नव्या जेवणघरांत कुडाच्या भिंती, गेरूचा रंग आणि त्यावर पांढरी वारली चित्रे आली आहेत. लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायचा, ही या चित्रांची मूळ जागा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जेवणघराच्या भिंतीवर ही चित्रे शोभतात यात शंका नाही. ती जवळच्या पाड्यावरच्या चित्रकाराकडून मोबदला देऊन काढून घेतली, तर शोभेबरोबर पैसाही गावात राहतो. छापील कागद आणून चिकटवला तर राहत नाही. जेवणाचेही तसेच आहे.

याच कारणाने महिला बचत गटांनी चालवलेली स्वयंपाकघरे आज सर्वांत लक्ष देण्याजोगी आहेत. ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानातून उभे राहिलेले गट नागलीचे पापड, लाडू, पीठ करून मुंबईच्या सरस प्रदर्शनापर्यंत नेतात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांत भाज्या रांधून दाखवतात आणि गावी मागणीप्रमाणे जेवण देतात. भाकरी थापणारीच्या हातात पैसे थेट पडतात. गटांना अडचणीही येतात. पन्नास माणसांची मागणी ऐनवेळी रद्द होते, कोंबड्या कापून झालेल्या असतात. म्हणून अनुभवी गट आता निम्मी रक्कम आगाऊ घेतात आणि एका वेळी किती पाने वाढायची याची मर्यादा ठरवून त्याहून जास्त मागणी घेत नाहीत.

धान्याची खरेदीही त्यांनी आपल्या हातात ठेवली आहे. नागली कापणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, शेतकऱ्याला रोखीची निकड असते आणि भाव सर्वांत कमी असतो. पावसाळ्यात पर्यटक येतात तेव्हा तीच नागली बाजारात महाग होते. गट कापणीच्या वेळी शेजारपाजारच्या शेतकऱ्यांकडून बाजारापेक्षा थोडा चढा भाव देऊन वर्षाची नागली भरून ठेवतात. तांदळासारखी ती लवकर किडत नाही. कोरडी ठेवली तर कणगीत काही वर्षे टिकते. त्यातली निवडक कणसे बियाण्यासाठी वेगळी टांगली जातात, आणि उरलेली नागली मागणी येईल तशी, एका वेळच्या भाकऱ्यांपुरती दळून आणली जाते.